फरक दिसतोय

आयुष्यभर थंडाई पिऊन कुस्त्या मारलेल्या आबांनी मुलाच्या, रणधीरच्या, प्रोटीन पावडरच्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. "डब्यातली ताकद डब्यातच ऱ्हाती," म्हणायचे. कॅन्सरने अंगावरचं मांस ओरबाडून नेल्यावर मात्र त्यांनी स्वतःहून डबा मागवला.

आज शेकरमधला शेवटचा घोट कसाबसा गिळून आबांनी दंड पुढे केला. "दाब की रं. फरक पडलाय काय?"

लहानपणी रणधीरच्या दोन्ही हातांत न मावणारा तो दंड आता एका मुठीत मावला.

"फरक दिसतोय, आबा."

आबा हसले. "गिऱ्हाइकांनाबी असंच सांगतोस व्हय?"

रणधीरला दंडावरची मूठ सोडवेना.

आबांनी आपला हात त्या मुठीवर ठेवला. "बरं, उद्यापासून एक चमचा जास्त घाल."