अपुरा प्रश्न

'प्रश्न अपुरा आहे. काढून टाकला,' असं उत्तर आलं आणि तिच्या तोंडातला चहा कडू झाला.

'शिलाई मशीन बिघडलंय, काय करू?' एवढंच तर विचारलं होतं. मोबाईलवरच्या या दुरुस्ती-मदतीच्या गटात लेकीनेच तिला घातलं होतं. "आई, कोणाशी तरी बोलत जा गं," म्हणाली आणि गेली लांब, सासरी. तेव्हापासून घरात शब्द म्हणून पडत नव्हता. चहा मात्र ती अजून दोन कप टाकायची. एक ओट्यापाशी उभ्याने प्यायची, दुसरा आतल्या खोलीतल्या टेबलावर ठेवून मुकाट परत यायची. सवय मेली सुटत नाही.

गटाच्या मॉडरेटरला सगळे 'चाळणी' म्हणायचे. अपुरं, अवांतर काही दिसलं की गाळलंच. तीनदा गाळलं गेलं की खातं बंद.

तिने पुन्हा लिहिलं, अगदी साग्रसंगीत. मशीनची घरघर, तुटणारा दोरा, आखूड पायाखाली सरकवलेली लेकीच्या लग्नपत्रिकेची घडीसुद्धा.

बराच वेळ काहीच आलं नाही. मग खुद्द चाळणीचं लांबलचक उत्तर आलं. तेल कुठे सोडायचं, दोरा किती सैल ठेवायचा, आणि शेवटी, 'बोट सांभाळा.'

कितीतरी दिवसांनी कोणी तिला सांभाळ म्हटलं होतं. तिला रडूच आलं.

मशीन सुरू झालं. तिने लगेच लिहिलं, 'आभारी आहे. तुम्ही जेवलात का?'

तेही गाळलं. 'नियम सगळ्यांना सारखा. दुसरं काही बिघडलं तर मात्र जरूर लिहा.'

आता काय बिघडणार? घरातली यंत्रं सगळी ठणठणीत, बिघडली होती ती एकटी तीच. खोटं काही लिहावं तर तिसरी वेळ, मग बोलायला राहिल्या भिंती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातला टेबलफॅन सुरूच होईना. तिने दोनदा बटण दाबलं आणि चक्क हसली. घाईघाईत लिहिलं, 'पंखा फिरत नाही.' पाठवलं आणि जीभ चावली. पुन्हा अपुरा प्रश्न. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

पण गाळलं नाही. उत्तर आलं, 'आधी प्लग काढा. खालचं झाकण उघडा. बटणाजवळची निळी वायर सुटली असेल.'

खणात छोटा स्क्रूड्रायव्हर सापडेना. सुरीच्या टोकाने तिने कसंबसं झाकण काढलं. निळी वायर लोंबत होती. न बघता कसं कळतं बाई या माणसाला, तिला नवल वाटलं.

'सापडली,' तिने लिहिलं. बोट थांबलं. मग खातं गेलं तर गेलं, असं म्हणून पुढे लिहिलं, 'चहा घेतलात का?'

आतल्या खोलीचं दार उघडलं.

"घेतला," नवरा म्हणाला. त्याने रिकामा कप ओट्यावर ठेवला, आणि त्याच्या शेजारी छोटा स्क्रूड्रायव्हर.