चौदा कॅरेटची मांजर

“म्हातारी आहे. दात काढाचे तर क्लोरोफॉर्म द्या लागते. या वयात तो झेपेलच असं नाही,” गुरांचे डॉक्टर म्हणाले. रात्रभर उपाशी ठेवा, आधी छाती तपासू, शुद्धीवर येईस्तोवर गरम कपड्यात गुंडाळू. फी दहा रुपये. आजवर त्यांनी बैलांचे दात पाहिले होते. मांजरीचे कुणी आणले नव्हते.

दहा रुपयांचं हरिहर वकिलाला काही वाटलं नाही. मेली तर काय, एवढंच वाटलं. तो टोपलीसकट जुन्या शहरातल्या घरी आला आणि वडिलांसमोर, भगवंतरावांसमोर बसला. मांजर त्यांचीच. हिरड्या सडून तिचं खाणं सुटलं होतं. भगवंतरावांनी उभा जन्म अकोल्याला प्रायश्चित्तं सांगितली, पण शास्त्रात पदरचा एक शब्द कधी घातला नाही.

“बाबा, भुलीतच मेली तर?”

“तर मारल्याचं पाप. सोन्याची मांजर करून काशीले दान द्या लागते.”

त्या वर्षी सरकारनं चौदा कॅरेटहून चोख दागिने घडवायला बंदी केली होती. “चौदा कॅरेटची चालते?” हरिहरनं विचारलं.

“शास्त्र सांगून राहिलो. बाजारभाव नाही.”

“अन् आपोआप मेली तर?”

भगवंतरावांनी टोपलीतल्या मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला.

“तर काही नाही,” ते म्हणाले.

दात काढायचे राहिले. मांजर दुधाला तोंड लावायची, कळ आली की मागं सरायची, पुन्हा लावायची. मग लावेनाशी झाली. हरिहरनं तिला मोर्णा नदीच्या काठी पुरलं, आंघोळ केली आणि पोटभर जेवला.

पुढच्याच आठवड्यात नागपूरहून निरोप आला. भगवंतरावांच्या घशातली गाठ काढायला तिथल्या दवाखान्यात खाट मिळाली होती. ते कधीचे पेजेवर होते. आता पेजही उतरत नव्हती.

“बाबा, या वयात भूल सोसत नाही म्हणतात,” हरिहर उशाशी बसून मायेनं म्हणाला. “राहू द्याचं का? पाहू, आपोआप काय होते ते.”

भगवंतरावांनी आवंढा गिळून पाहिला. गिळला गेला नाही.

“बाप घरात उपाशी मेला,” ते म्हणाले, “तर सोन्याचा बाप करून काशीले द्या लागते. वजनास वजन.”

हरिहरनं खाटेवरच्या हाडांचा अंदाज घेतला आणि नागपूरच्या गाडीची चौकशी करायला उठला.