गाणं ऐकून ती धावत आली

सिन्नरच्या कारखान्यात भास्कररावांनी तीस वर्षं पहिली पाळी केली. सकाळी सहाला घर सोडलं की दुपारी चारलाच तोंड दिसायचं. परवा रिटायर झाले आणि आज लग्नाचा वाढदिवस.

लग्नाआधी मंदाताईंच्या पंचवटीतल्या घराखाली सायकल टेकवून ते शिट्टीवर एकच गाणं वाजवायचे, आणि वरून दबका आवाज यायचा, "थांबा, आले!" तेच गाणं त्यांनी लेकीकडून मोबाइलवर घेतलं, तिचाच स्पीकर ढापला आणि सकाळी आठला नवा शर्ट घालून, गुलाब घेऊन बिल्डिंगखाली उभे राहिले.

पहिली ओळही संपली नव्हती, तोच तिसऱ्या मजल्यावरून हाक आली, "थांबा, थांबा, आले!"

भास्कररावांनी शर्टाची कॉलर नीट केली. इतक्या वर्षांनीही बाई विसरली नाही म्हणायची! जिन्यात धावती पावलं वाजली. मंदाताई धापा टाकत खाली आल्या. एका हातात ओल्या कचऱ्याची बादली, दुसऱ्या हातात सुक्याची. मागोमाग अख्ख्या बिल्डिंगमधल्या बायका, आपापल्या बादल्या घेऊन.

 

"अय्या, तुम्ही होय? मग घंटागाडी कुठंय?"