वटवाघळाचा वार

वज्दीने तलवारीच्या वाराला आणखी एक ठिणगी जोडली. तीन वर्षं स्फाक्स शहरातल्या त्याच चहाच्या दुकानात तो आणि सिहेम लॅपटॉपवर व्हिडिओ गेम बनवत होते. तिची गेमची गोष्ट कधीची लिहून झालेली, तो अजून वारच सजवत होता. वार तपासायला पडद्यावर एकच वटवाघूळ होतं, मरून मरून कंटाळलेलं. "भावा, स्पर्धेची मुदत संध्याकाळी संपतेय. पाठव, नाहीतर मी यातून बाहेर," सिहेम म्हणाली. "धूर जरा निळा करतो, मग झालंच." तो चहा आणायला उठल्यावर तिने वटवाघळालाही उलटा करायला एक वार दिला, बिनठिणगीचा, बिनधुराचा. परतल्यावर त्याने खेळून पाहिलं. तलवार बराच वेळ चमकत राहिली. मग वटवाघूळ पुढे आलं आणि नायक आडवा झाला. "यात काही दिसलंच नाही, सिहेम." "लागलं ना?" त्याने गेममधल्या शेवटच्या राक्षसाच्या जागी वटवाघूळ बसवलं आणि गेम पाठवला.