बसलेला आवाज

पोलीसबाईने बोट फिरवून ‘पुन्हा’ अशी खूण केली आणि मिस्त्रींनी खुशीने मोटरसायकलची मूठ पिळली. काठीच्या टोकाला लावलेलं एक यंत्र तिने सायलेन्सरमागे धरलं होतं. मिस्त्रींना बरं वाटलं. या परमुलखात कुणीतरी गाडीची नाडी बघतंय!

कारण गाडीचं काहीतरी बिनसलं होतं. घर सोडल्यापासून आवाज बसतच चालला होता. प्लग बदलून झाला, कार्बोरेटर धुऊन झाला, व्हॉल्व्ह तपासून झाले. फरक शून्य. शेवटी परवा सायलेन्सरच्या आतली आवाज दाबणारी नळीच त्यांनी काढून ठेवली, निदान काहीतरी कानावर पडेल म्हणून. तरी जिवाला घोर होताच. प्रत्येक चढाला वाटायचं, आता मान टाकते बघ. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्याच गाडीपुढे हात टेकायची वेळ आलेली.

“गाडी ठणठणीत आहे हो, चला ना,” बायको रोज म्हणायची. तिला काय विचारायचं? गल्लीत सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणत, पण गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. वर मागच्या सीटवरून सारख्या खांद्यावर थापा. कधी डाव्या, कधी उजव्या. काल मिस्त्री भडकलेच होते. “इथे रस्त्याची बाजू उलटी, हॉर्न वाजवायची चोरी. ते सांभाळू की तुझा चाळा सांभाळू?” तरी थापा काही थांबल्या नाहीत.

पोलीसबाईने यंत्राचा पडदा समोर धरला. आकडा लाल होता. मग तिने वेशीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर मोटरसायकलचं चित्र आणि खाली एक आकडा, यापेक्षा बराच लहान.

“आवाज फार मोठा आहे म्हणतेय,” बायको म्हणाली. शाळेत शिकवलेलं इंग्रजी या सफरीत तिच्या चांगलंच कामी येत होतं. “अशी गाडी गावातून नेता येणार नाही.”

मिस्त्री हसले. “मोठा? अग, गाडीला आवाजच उरला नाही. यंत्र बिघडलंय तिचं. सांग तिला तसं.”

बायकोने सांगितलं नाही. पोलीसबाईने आपणहून जीपमधून दुसरं यंत्र आणलं. पुन्हा मूठ पिळली, पुन्हा तोच आकडा. समोरच्या घरांच्या खिडक्या एकामागून एक बंद होत होत्या. फुटपाथवर एक बाई बाबागाडीवर वाकून बाळाच्या कानांवर हात ठेवून उभी होती. मिस्त्रींनी ओशाळून इंजिन बंद केलं. बाळाचं तोंड अजून उघडंच होतं. गाल लाल, डोळे मिटलेले, टाहो फोडलेला. मिस्त्री बघत राहिले. रडणं काही त्यांच्यापर्यंत येईना.

तेवढ्यात सगळ्यांच्या माना एकदम रस्त्याकडे वळल्या. बायकोने बाहीला धरून त्यांना मागे ओढलं. निळा दिवा गरगरवत एक रुग्णवाहिका अगदी जवळून गेली. तिचा वारा तेवढा गुडघ्याला लागला.

“इथे रुग्णवाहिकेलासुद्धा भोंगा नसतो?” मिस्त्रींनी विचारलं.

पोलीसबाईने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि हळूच बायकोला काहीतरी विचारलं. बायकोने मान खाली घातली.

“काय विचारलं तिने?”

“किती दिवसांपासून, म्हणून.”

“काय किती दिवसांपासून?”

बायको त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. “गाडीचा आवाज नाही हो बसला,” ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली. “समोर माणूस असला की तुम्ही ओठांवरून ओळखता. पाठीमागून तुमच्यापर्यंत काहीच पोचत नाही. वर्षभर हळूहळू कमी होत गेलंय.”

“आणि हे तू मला आज सांगतेस?”

“आधी सांगितलं असतं तर गॅरेजला कुलूप घालून घरात बसला असता. ओळखत नाही का मी? म्हटलं, ठरवलेली सफर तरी होऊ दे. मागून कुठली गाडी आली की मी आहेच खांद्यावर थाप मारायला.”

मिस्त्री फुटपाथच्या कडेला बसले. त्यांना धुतलेला कार्बोरेटर आठवला. भर रस्त्यात खोललेली, काहीही न झालेली गाडी आठवली. आपल्या हातांचं आता काय करायचं हे न कळून ते नुसते तळवे चोळत राहिले.

नळी परत बसवली तर जाता येईल, असं पोलीसबाईने सांगितलं. मागे तुम्ही आहात ना, एवढंच तिने बायकोला विचारून घेतलं. मिस्त्रींनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली नळी काढली आणि बसवली. हात आपोआप चालत होते. मग त्यांनी किक मारली. तळव्यांना बारीक थरथर जाणवली. बाकी सगळं शांत.

“झालं. आता कुणी काही म्हणणार नाही,” बायको समोर येऊन म्हणाली. “निघू या.”

मिस्त्री निघाले नाहीत. त्यांनी मूठ हलकेच पिळून पाहिली. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“कसा लागतोय ग आवाज?”

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. ती बावरली. मग पदर सावरावा तसे तिने केस कानामागे सारले, इंजिनाशी वाकली आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

“बरा आहे. एकसारखा आहे,” ती सरळ होत म्हणाली. “पण मध्येच कुठेतरी एक ठोका खातो. नीट चालतो, चालतो, आणि खातो. की मलाच तसं वाटतंय?”

मिस्त्री गाडीवरून उतरले. हत्यारांच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून ते कार्बोरेटरशी गुडघे टेकून बसले आणि तिचं तोंड दिसेल अशी त्यांनी मान वळवली.

“मी फिरवतो,” ते म्हणाले. “तू सांग.”