गॅसखालची बाई

मुसाने शेवटची हवा मारली, गॅसची जाळी फरफरून पांढरीफटक पेटली, आणि तो जड दिवा त्याने सोनूबाईच्या डोक्यावरच्या चुंबळीवर बसवला.

"मान वळवायची नाय," तो म्हणाला. "जाळी म्हणजे नुसती राख गो. हिसका बसला की गेली, नि तिच्याबरोबर माझी अब्रू."

"नाय वळवत."

बोलून बसली बिचारी. गॅसवाल्या बायका वरातीच्या पुढे चालतात आणि नवरी मागून येते, हे काय तिला ठाऊक नव्हतं? उभ्या रत्नागिरीला ठाऊक. पण मुसाच्या माणसांबरोबर मालगुंडची वाट तुडवताना तिच्या मनात दुसरं काही शिरलंच नव्हतं. हौसा दिसेल, एवढंच.

हौसा तिची पोटची लेक. पोर तीन वर्षांची असताना बाप गेला. सोनूबाईने पाट लावला, आणि पाट लावलेल्या बाईने पहिल्या घरची पोर तिथेच ठेवायची, तिच्या मंगलकार्यात तोंड दाखवायचं नाही, अशी रीत. अकरा वर्षं झाली. दिरांनी लग्नाला बोलावलं नाही, बोलावणारही नव्हते. मुसाच्या गॅसांना मात्र डोकी हवी होती, आणि गॅसखालचं तोंड कोण बघतो?

दिवेलागणीला वरात नवऱ्याच्या वाडीत शिरली. ताशा कडाडत होता.

"हा कसला गॅस? ह्यात घासलेट," मुंबईहून आलेला भिकाजी शेजारच्याला ऐकवत होता. "खरा गॅस आमच्या मुंबईत. जमिनीखालून नळातून येतो. कळ फिरवली की रस्त्यावर दिवा."

"खरा गॅस मी खाल्लाय, फ्रान्सच्या लढाईत," धाकू पेन्शनर खोकत म्हणाला. "त्याने दिवे नाय लागत. माणसं विझतात."

सोनूबाईला त्या दोघांचं काय? तिचा गॅस तिच्या टाळूवर फुसफुसत होता आणि मागून नव्या बांगड्या वाजत होत्या. "हौसा, पदर सांभाळ," कुणी बाई म्हणाली. सोनूबाईच्या जिवाची नुसती तगमग झाली. दिवा द्यावा फेकून आणि वळावं, असं दहादा मनात आलं. पण मान ताठ ठेवून ती चालत राहिली.

दाराशी वरात थांबली. आतून हौसाची सासू ओरडली, "गॅस उंबऱ्याशी आणा. माप दिसत नाय."

मुसाने सोनूबाईच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला सावकाश फिरवलं आणि उंबऱ्याशी नेऊन उभं केलं.

आणि हौसा समोर आली. चार हातांवर. हनुवटी थेट बापाची. कपाळभर कुंकू, ओठ सुकलेले. दिवसभर पोरीला कुणी पाणीसुद्धा विचारलेलं दिसत नव्हतं. सोनूबाई पोटभर बघत राहिली. तेवढ्यात पोरीने मान वर केली, थेट तिच्याकडे. सोनूबाईचे ओठ हलले.

हौसाने डोळ्यांवर हात धरला.

"मावशी, जरा मागं सर गो. डोळे दिपतात."

सोनूबाई सरली. मागे न बघता, टाचेने पायरी चाचपत, उजेड पोरीच्या तोंडावरून हलणार नाही एवढीच सरली. हौसाने माप लवंडलं, तांदूळ सांडले, आणि ती आत गेली. तिच्यामागून बायकांची झुंबड आत घुसली आणि दार दिसेनासं झालं.

मुसाने दिवा उतरवून घेतला. सोनूबाईची मान तशीच ताठ राहिली होती.

"दिसली?" त्याने विचारलं.

"दिसली." मग तिने आपण होऊनच सांगितलं, "बोललीसुद्धा माझ्याशी."

"काय म्हणाली?"

"मागं सर म्हणाली. सरले मी."