बाळ्याचं ऑपरेशन

कुत्र्याला टेबलावर ठेवताना मालकिणीचा हात त्याच्या पोटाखालून इतका जपून गेला, की डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, घरात हे पोर म्हणूनच वाढलंय.

"नाव काय याचं?"

"बाळ्या. म्हातारा झाला, तरी बाळ्याच."

भोवतीचे विद्यार्थी हसले. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, एक्स-रे उजेडात धरला. पोटात नारळाएवढी गाठ, छातीतही पसरलेली. पोरांचे डोळे चमकले. एवढी मोठी गाठ काढायला मिळणार!

पूर्वी डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनला खुशाल 'नाही' म्हटलं असतं. पण जनावरांच्या कॉलेजचा हा सरकारी दवाखाना कंपनीनं भागीदारीत चालवायला घेतला, नवं ऑपरेशन थिएटर बांधलं, शिकवणारे कंत्राटावर आणले. ऑपरेशन न करता हातचा पेशंट 'सोडला' म्हणून दोघा डॉक्टरांना घरी बसवलं. डॉक्टरीणबाईंचं तर घरही कॉलेजचंच, आणि त्यात अंथरुणाला खिळलेला नवरा.

त्यांनी पोरांना चहाला पिटाळलं आणि दार लोटलं.

"करायचं ना ऑपरेशन?" मालकीण म्हणाली. "खाली काउंटरवर म्हणाले, लगेच दाखल करा."

"खाली तेच म्हणणार."

"तुमचा असता तर?"

डॉक्टरीणबाईंनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "घरी नेला असता. दुखणं थांबेल एवढं औषध, आणि मागेल ते खायला. चिरला तर इथल्या पिंजऱ्यात जीव जाईल. नाही चिरला तर तुमच्या मांडीवर."

मालकीण बाळ्याच्या मानेत तोंड खुपसून हमसाहमशी रडली. डॉक्टरीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"इतकं खरं कुणी बोललं नव्हतं हो," ती नाक पुसत म्हणाली.

"बाहेर बोलू नका म्हणजे झालं. माझ्या पोटावर पाय येईल."

दुपारी वरून बोलावणं आलं. कंपनीच्या साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही. पेशंट परत पाठवला, उद्यापासून येऊ नका, घर महिनाअखेर रिकामं करा. "आमची माणसं अधूनमधून गिऱ्हाईक बनून येतात, मॅडम. डॉक्टर कसे वागतात ते बघायला."

कोपऱ्यातल्या सोफ्यावर मालकीण बसली होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मांडीवर झोपलेला बाळ्या. डोळे अजून लालच.

डॉक्टरीणबाई जिना उतरायला लागल्या, तशी ती मागून धावत आली.

"रागावू नका हो. काय करणार, तुमच्यासारखंच माझंही, खोटं सांगता येत नाही." तिनं बाळ्याला छातीशी घट्ट धरलं. "पण हा माझाच आहे, खरंच. आता तुम्ही मोकळ्याच आहात, तर त्याच्या शेवटाला घरी याल ना?"